सामाजिक उद्योजकता आणि शाश्वतता धोरण : खडवली-शहापूर परिसरातील गुळवेल संकलनाच्या आधारे एका नव्या व्यवसायमार्गाचा विचार

बीजसंज्ञा : सामाजिक उद्योजकता, शाश्वत विकास, गौण वनोपज, वनधन विकास केंद्र, कातकरी, वनहक्क, समाजसहभाग.

प्रस्तावना :

मध्य रेल्वेच्या कल्याण-कसारा मार्गावर टिटवाळा आणि वासिंद या स्थानकांच्या दरम्यान खडवली हे स्थानक आहे. १८५५ मध्ये कल्याण ते वासिंद हा लोहमार्ग सुरू झाला, त्यावरचे हे ठिकाण. भातसा नदीच्या काठी वसलेले हे गाव मुंबई-ठाण्याच्या लोकांना परिचित आहे ते प्रामुख्याने सहलीचे स्थळ म्हणून. याच परिसराचे दुसरे एक रूप मात्र सहलीला येणाऱ्यांच्या नजरेस सहसा पडत नाही. भातकापणी आटोपली की कल्याण, भिवंडी व शहापूर या तालुक्यांच्या ग्रामीण भागात वीटभट्ट्यांचा हंगाम सुरू होतो आणि दिवाळीनंतर कातकरी पाडे ओस पडू लागतात. पावसाळ्यात खाण्यापिण्यासाठी, आजारपणासाठी वा लग्नकार्यासाठी भट्टीमालकाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी संपूर्ण कुटुंब, शाळेत जाणाऱ्या मुलांसह, भट्टीवर राहावयास जाते व पावसाच्या तोंडावर परत येते. वेठबिगार पद्धत (निर्मूलन) अधिनियम १९७६ मध्ये संमत झाला असला तरी उचलीचे हे चक्र अद्याप पूर्णतः थांबलेले नाही.

अलीकडच्या काळात 'सामाजिक उद्योजकता' आणि 'शाश्वतता धोरण' या क्षेत्रांकडे पदवीधर तरुण व्यवसायमार्ग म्हणून पाहू लागले आहेत. महाविद्यालयांतील मार्गदर्शन कक्षांतून याविषयी व्याख्याने होतात, भित्तिपत्रके लागतात. परंतु या चर्चेत बव्हंशी उदाहरणे येतात ती बांगलादेशाची, अमेरिकेची अथवा बंगळुरूची. खडवलीपासून दोन स्थानके पुढे, आसनगाव येथे उतरून ज्या शहापुरास जाता येते, तेथे कातकरी समाजातीलच तरुणांनी उभारलेल्या एका उपक्रमाचे उदाहरण उपलब्ध असताना त्याची दखल अभ्यासक्रमात क्वचितच घेतली जाते. प्रस्तुत लेखात त्या उदाहरणाच्या आधारे या व्यवसायमार्गाचे स्वरूप, त्यातील आर्थिक पेच आणि त्याचा धोरणाशी असलेला संबंध स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

संकल्पनेचे स्वरूप :

सामाजिक उद्योजकता या संज्ञेचा जागतिक प्रसार १९८० मध्ये बिल ड्रेटन यांनी स्थापन केलेल्या 'अशोका' या संस्थेमुळे झाला. या संस्थेची पहिली अधिछात्रवृत्ती मुंबईतील ग्लोरिया डिसूझा या शिक्षिकेस मिळाली होती, ही बाब शिक्षक वाचकांना विशेष वाटावी. पुढे १९९८ मध्ये ग्रेगरी डीझ यांनी आपल्या निबंधातून या संकल्पनेस शास्त्रीय बैठक देण्याचा प्रयत्न केला. २००६ मध्ये मोहम्मद युनूस व ग्रामीण बँक यांना नोबेल शांतता पुरस्कार मिळाल्यावर ही संज्ञा सर्वतोमुखी झाली. समाजाच्या एखाद्या प्रश्नाची सोडवणूक हे ज्याचे मूळ प्रयोजन आहे आणि त्या प्रयोजनाचा खर्च देणग्यांतून नव्हे तर प्रामुख्याने वस्तू वा सेवेच्या विक्रीतून भागविण्याचा ज्याचा प्रयत्न आहे, असा उपक्रम म्हणजे सामाजिक उद्योग, असे स्थूलमानाने म्हणता येईल.

संज्ञा नवी असली तरी महाराष्ट्रास ही कल्पना नवी नाही. १९५९ मध्ये गिरगावातील सात महिलांनी ऐंशी रुपयांच्या उसनवारीवर सुरू केलेला लिज्जत पापडाचा उद्योग, १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी खानावळवाल्या स्त्रियांना एकत्र करून स्थापन केलेले अन्नपूर्णा महिला मंडळ, १९९७ मध्ये म्हसवड येथे चेतना गाला सिन्हा यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली माणदेशी महिला सहकारी बँक, पुण्यात १९९३ मध्ये कागद-काच-पत्रा वेचणाऱ्यांची झालेली संघटना व तिच्यातून २००८ मध्ये आकारास आलेली 'स्वच्छ' ही सहकारी संस्था, ही सर्व उदाहरणे या व्याख्येत बसतात. मात्र यांपैकी कोणीही स्वतःस 'सामाजिक उद्योजक' म्हणवून घेऊन कामास आरंभ केला नव्हता. सहकार, संघटना, चळवळ हेच त्यांचे शब्द होते.

ठाणे जिल्ह्याच्या बाबतीत तर हा क्रम अधिकच ठळक आहे. जानेवारी १९४५ मध्ये खडवलीशेजारच्या टिटवाळा येथे किसान सभेचे अधिवेशन भरले. त्यास वारली समाजाचे काही प्रतिनिधी उपस्थित राहिले आणि त्याच वर्षी गोदावरी परुळेकर व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वेठबिगारीविरुद्धचा वारल्यांचा लढा सुरू झाला. १९८२ मध्ये विवेक पंडित यांनी श्रमजीवी संघटनेच्या माध्यमातून याच प्रदेशात वेठबिगारमुक्तीचे काम हाती घेतले. उद्योग उभारावयाचा तर श्रमिक प्रथम स्वतःच्या श्रमाचा मालक असला पाहिजे. ज्याचे सहा महिने आधीच विकले गेले आहेत, त्याच्यापुढे उद्योजकतेचे प्रशिक्षण निरुपयोगी ठरते. या प्रदेशात चळवळ आधी आणि उद्योग नंतर आला, यास अशी कारणपरंपरा आहे, हे लक्षात न घेता केलेली सामाजिक उद्योजकतेची चर्चा अपुरी होय.

शहापूरचे उदाहरण :

भारत सरकारने विशेष असुरक्षित आदिम जमाती म्हणून ज्या ७५ समूहांची नोंद केली आहे, त्यांपैकी महाराष्ट्रात तीन आहेत : कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. खैराच्या लाकडापासून कात काढणारे ते कातकरी, अशी या नावाची व्युत्पत्ती सांगितली जाते. वसाहतकालीन वनकायद्यांनी खैरतोडीवर निर्बंध आणल्यावर हा परंपरागत धंदा बुडाला आणि जमीन नसलेला हा समाज मजुरीकडे, कोळसापाडणीकडे व पुढे वीटभट्टीकडे वळला. म्हणजे ज्या समाजाची ओळखच एका वनोपजावरील प्रक्रियेशी निगडित होती, तो समाज वनसंरक्षणाच्या धोरणामुळे कुशल कारागिराचा अकुशल मजूर झाला. शाश्वततेच्या कोणत्याही धोरणाचा विचार करताना हा इतिहास दृष्टीआड करता येणार नाही.

याच समाजातील एका तरुणाने आपल्या दहा-बारा मित्रांसह शहापूर येथे गुळवेल गोळा करून स्थानिक बाजारात विकण्यास प्रारंभ केला. त्यातून 'आदिवासी एकात्मिक सामाजिक संस्था' कार्यरत झाली आणि ती केंद्र शासनाच्या वनधन योजनेशी जोडली गेली. आदिवासी कार्य मंत्रालयाने प्रसिद्ध केलेल्या माहितीनुसार या केंद्राने सुमारे दीड वर्षाच्या काळात गुळवेलीचे चूर्ण व वाळविलेली गुळवेल मिळून १८.५० लाख रुपयांची विक्री केली. त्यानंतर डाबर, बैद्यनाथ, हिमालया अशा मोठ्या कंपन्यांकडून ३५० टन गुळवेलीची, १.५७ कोटी रुपये किमतीची मागणी नोंदविली गेली. कोविड-१९ च्या साथीत रोगप्रतिकारशक्ती वाढविणारी वनस्पती म्हणून गुळवेलीस जी मागणी आली, तिचा हा काळ होता.

या आकड्यांचे वृत्तपत्रांतून कौतुक झाले व ते यथायोग्यच होते. तथापि अभ्यासकाने या आकड्यांपाशी थोडे थांबणे आवश्यक आहे. १.५७ कोटी रुपयांस ३५० टनांनी भागले असता किलोमागे सुमारे ४५ रुपये दर येतो. या ४५ रुपयांत वेल शोधणे, तोडणे, डोक्यावरून पाड्यापर्यंत आणणे, तिचे तुकडे करणे, वाळविणे, निवडणे, पोत्यांत भरणे, गोदामात ठेवणे व वाहतूक करणे हे सर्व आले. ओल्या खोडात पाण्याचा अंश फार मोठा असल्याने एक किलो वाळलेली गुळवेल मिळविण्यासाठी त्याच्या कितीतरी पट ओला माल रानातून आणावा लागतो. तेव्हा संकलकाच्या हाती पडणारी रक्कम ही कोट्यवधीच्या मागणीवरून नव्हे, तर दिवसाकाठी तो किती ओली वेल आणू शकतो व त्याच दिवशी त्यास किती रोख मिळते, यावरून ठरते. ती रक्कम भट्टीवरील मजुरीशी स्पर्धा करू शकली तरच पाड्यावरील माणूस पाड्यावर राहील. या उपक्रमाची खरी कसोटी ती आहे.

हंगाम, उचल आणि खेळते भांडवल :

आयुर्वेदीय औषधिकोशाच्या निर्देशानुसार गुळवेलीचे खोड उन्हाळ्यात, शक्यतो मे महिन्यात, गोळा करणे इष्ट मानले जाते. वीटभट्टीचा हंगामही मे अखेरपर्यंत चालतो. म्हणजे गुळवेल ज्या दिवसांत उत्तम असते, नेमक्या त्याच दिवसांत ती ओळखणारी व तोडणारी माणसे भट्टीवर अडकलेली असतात. हा योगायोग वरवर किरकोळ वाटेल. परंतु उपक्रम चालविणाऱ्यास तोच सर्वांत मोठा प्रश्न आहे, कारण मे महिन्यात माणूस मोकळा हवा असेल तर त्याने आदल्या पावसाळ्यात उचल घेतलेली नसावी, आणि उचल घ्यावी लागू नये तर त्या पावसाळ्यात त्याच्या घरात धान्य व हाताशी पैसा असला पाहिजे. गुळवेलीच्या व्यापाराची सुरुवात अशा रीतीने दहा महिने आधी, श्रावणात होते.

येथेच खेळत्या भांडवलाचा मुद्दा उपस्थित होतो. औषध कंपनी मालाची तपासणी करून, देयक मंजूर करून, काही आठवड्यांनी वा महिन्यांनी पैसे देते. संकलकास मात्र पैसा संध्याकाळीच लागतो. मधली ही दरी कोणी भरावयाची? परंपरेने ती व्यापारी, सावकार किंवा भट्टीचा मुकादम भरत आला व त्या मोबदल्यात त्याने दर व श्रम दोन्ही आपल्या ताब्यात ठेवले. सामाजिक उद्योग जर ही दरी भरू शकला नाही तर त्याचे उद्दिष्ट कितीही उदात्त असो, संकलक पुन्हा मुकादमाच्या दारी जाणार, यात संशय नाही.

या दृष्टीने पाहिले असता वनधन योजनेचे महत्त्व व मर्यादा दोन्ही कळून येतात. १४ एप्रिल २०१८ रोजी छत्तीसगडमधील बिजापूर येथे आरंभ झालेल्या या योजनेत साधारणतः वीस सभासदांचा एक स्वयंसाहाय्यता गट व अशा पंधरा गटांचे, म्हणजे तीनशे सभासदांचे, एक वनधन विकास केंद्र अशी रचना आहे. प्रत्येक केंद्रास पंधरा लाख रुपयांपर्यंत साहाय्य मिळू शकते. हे साहाय्य सभासदामागे पाच हजार रुपये होते. प्रशिक्षण, अवजारे, वाळवणीची सोय, यंत्रे व काही प्रमाणात खेळते भांडवल या सर्वांसाठी ही रक्कम आहे. ती निरुपयोगी मुळीच नाही. परंतु भट्टीमालक एका जोडप्यास यापेक्षा मोठी उचल देऊ शकतो, हे वास्तवही नजरेआड करता येत नाही.

योजनेचा दुसरा आधार म्हणजे गौण वनोपजासाठीची किमान आधारभूत किंमत. २०१३-१४ मध्ये सुरू झालेल्या या योजनेखाली मे २०२० मध्ये, टाळेबंदीच्या काळात, ४९ वनोपजांचे दर सुधारण्यात आले व त्यात गुळवेलीच्या दरातील वाढ विशेष लक्षणीय होती. पुढे २०२१-२२ पासून या दोन्ही योजना प्रधानमंत्री जनजातीय विकास मिशनमध्ये एकत्रित करण्यात आल्या. आधारभूत किमतीचा उपयोग शासनाने प्रत्यक्ष खरेदी केली तर होतोच, पण त्याहून अधिक तो व्यापाऱ्याशी घासाघीस करताना होतो. दर छापलेला असला की माणूस तो दाखवून बोलू शकतो.

येणे रकमेच्या विलंबावर एक उपाय कायद्यातच आहे, पण त्याची माहिती सामाजिक क्षेत्रात काम करणाऱ्यांस फारशी नसते. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम २००६ च्या कलम १५ नुसार नोंदणीकृत सूक्ष्म वा लघु उद्योगाकडून घेतलेल्या मालाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून तर असे पैसे मुदतीत न दिल्यास ती रक्कम त्या वर्षीचा खर्च म्हणून दाखविता येणार नाही, अशी तरतूद आयकर कायद्यातही करण्यात आली. प्रक्रिया करणाऱ्या संस्थेने 'उद्यम' नोंदणी केली असेल तर तिला या संरक्षणावर दावा सांगता येतो. एखाद्या वाणिज्य पदवीधराने पाड्यावर जाऊन पहिल्या दिवशी करावयाचे काम कोणते, असे कोणी विचारल्यास त्याचे उत्तर हेच द्यावे लागेल. भाषणे नंतरही होऊ शकतात.

धोरणाची चौकट आणि तिच्यातील फटी :

सामाजिक उद्योजक हा धोरणाचा केवळ लाभार्थी नसतो. धोरणातील विसंगती सर्वप्रथम त्याच्याच लक्षात येतात. शहापूर तालुका राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखालील क्षेत्रात संपूर्णतः समाविष्ट आहे. त्यामुळे तेथे १९९६ चा पेसा कायदा लागू होतो, ग्रामसभेस गौण वनोपजाच्या मालकीचे अधिकार आहेत आणि राज्य शासनाच्या २०१५ मधील निर्णयानुसार आदिवासी उपयोजनेतील पाच टक्के निधी थेट ग्रामपंचायतींस ग्रामसभेच्या निर्णयाने वापरण्यासाठी मिळतो. कल्याण तालुका मात्र अनुसूचित क्षेत्रात नाही. परिणामतः खडवली परिसरातील कातकरी कुटुंब व काही किलोमीटरवरील शहापूर तालुक्यातील त्याच समाजाचे कुटुंब, दोघेही एकाच भट्टीवर काम करीत असले तरी त्यांच्या ग्रामसभांचे अधिकार भिन्न आहेत. नागरीकरणाच्या कडेवर असलेल्या आदिवासी वस्तीस शहराच्या सुविधा पुरत्या मिळत नाहीत आणि अनुसूचित क्षेत्राचे संरक्षणही नाही. खडवलीसारख्या गावांचा हा पेच धोरणविषयक लेखनात फारसा मांडला गेलेला नाही.

अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्कांची मान्यता) अधिनियम २००६ मात्र अनुसूचित क्षेत्रापुरता मर्यादित नाही. त्याच्या कलम ३(१)(ग) अन्वये परंपरेने गोळा केल्या जाणाऱ्या गौण वनोपजाची मालकी, ते गोळा करण्याचा, वापरण्याचा व विकण्याचा हक्क मान्य करण्यात आला आहे. २०१२ मध्ये नियमांत दुरुस्ती होऊन वाहतूक परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या समितीकडे आला. त्यापूर्वीच, एप्रिल २०११ मध्ये, गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावास बांबूच्या वाहतुकीचे परवाना पुस्तक मिळाले होते. गुळवेलीचे पोते नाक्यावर अडविले जाणार की नाही, हे या एका कागदावर अवलंबून असते. तो कागद मिळविण्यासाठी सामूहिक वनहक्काचा दावा, त्याचा नकाशा, पुरावे व ग्रामसभेचा ठराव अशी बरीच तयारी लागते आणि येथे भूगोल, कायदा व समाजशास्त्र या विषयांच्या पदवीधरांना खरोखरच काम आहे.

जैविक विविधता अधिनियम २००२ हा तिसरा कायदा होय. जैविक संपत्तीचा व्यापारी उपयोग करणाऱ्याने त्यातील लाभाचा काही वाटा स्थानिक समाजास द्यावा, हे त्याचे तत्त्व. भारतीय कंपन्यांसही हे बंधन लागू आहे, असा निर्णय डिसेंबर २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने दिव्य फार्मसीच्या प्रकरणात दिला. २०२३ मध्ये या अधिनियमात दुरुस्ती झाली व ती एप्रिल २०२४ पासून अमलात आली. या दुरुस्तीने लागवडीखालील औषधी वनस्पतींना लाभवाटपाच्या बंधनातून सवलत दिली. लागवडीस उत्तेजन देऊन रानावरील ताण कमी करावा, असा त्यामागील युक्तिवाद आहे व तो अगदीच निराधार नाही. परंतु भूमिहीन कातकऱ्याजवळ लागवडीस जमीन कोठे आहे? रानातील गुळवेलीवर बंधन व शेतातील गुळवेलीस सूट असेल, तर खरेदीदार स्वाभाविकच शेतकऱ्याकडे वळेल. शाश्वततेच्या नावाने आलेली तरतूद पुन्हा एकदा त्याच समाजाच्या पोटावर येण्याची शक्यता आहे. या शक्यतेची नोंद गावपातळीवरील जैवविविधता व्यवस्थापन समितीने व लोकजैवविविधता नोंदवहीने घ्यावयाची, पण अनेक ठिकाणी या समित्या कागदावरच राहिल्या आहेत.

शाश्वतता पाड्यावर ठरते :

गुळवेल ही चिवट वनस्पती आहे. तोडलेल्या खोडाचा तुकडा ओलसर जागी पडला तरी त्यास मुळे फुटतात. वरून तुटलेली वेल हवेतून मुळ्या खाली सोडते. म्हणून तिचा ऱ्हास होणार नाही, असा समज आहे. मात्र हे खरे ठरते ते जुनी जाड वेल तोडताना जमिनीलगतचा बुंधा राखला गेला, कोवळी वेल सोडली गेली व एकाच रानात दरवर्षी हात घातला गेला नाही तरच. मागणी एकाएकी शेकडो टनांवर गेली की पहिला बळी या संयमाचाच जातो. वजनावर पैसे मिळत असतील तर बुंधा राखणारा माणूस तोट्यात आणि मुळासकट उपटणारा नफ्यात, असे होते. संकलनाचा दर ठरविताना केवळ वजन न पाहता खोडाची जाडी व तोडणीची रीत यांस किंमत देणे, हा येथील शाश्वतता धोरणाचा गाभा होय. तो केंद्राच्या वजनकाट्यापाशी ठरतो.

ओळखीचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. २०२१ मध्ये मुंबईतील डॉक्टरांनी सहा रुग्णांच्या निरीक्षणांवरून गुळवेलीच्या सेवनाचा यकृतविकाराशी संबंध असल्याची शक्यता एका शोधनिबंधात मांडली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेताना रुग्णांनी सेवन केलेली वनस्पती टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया हीच होती काय, की तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा, याची खात्री केली गेली नसल्याचे म्हटले. त्या वादाचा वैद्यकीय निवाडा हा या लेखाचा विषय नाही. मात्र त्यातून एक व्यापारी सत्य पुढे आले. सारख्या दिसणाऱ्या दोन वेलींतील फरक रानात उभ्या उभ्या सांगू शकणाऱ्या माणसाच्या ज्ञानास बाजारात किंमत आहे, पण ती आजवर त्यास दिली गेलेली नाही. तो अकुशल मजूर गणला जातो व पोत्यावर शिक्का मारणारा तंत्रज्ञ. संकलकाचे नाव, पाडा, रान व तोडणीचा दिवस यांची नोंद प्रत्येक पोत्यासोबत ठेवली गेली, तर हे ज्ञान दरात उतरविता येईल. असे करण्यास फार मोठे भांडवल लागत नाही. नोंदवही व ती नियमितपणे लिहिणारा माणूस लागतो.

साथीचा भर ओसरल्यानंतर प्रतिकारशक्तीवर्धक औषधांचा सुकाळही ओसरणे क्रमप्राप्तच होते. एका वनोपजावर व एका लाटेवर उभा राहिलेला उद्योग टिकवावयाचा तर हिरडा, बेहडा, शिकेकाई, मोह, करंज अशा अन्य उत्पादनांची जोड देऊन वर्षभर काम पुरवावे लागते. येथे पाण्याचीही अडचण येते. मुंबईस पाणी पुरविणाऱ्या जलाशयांच्या एकूण साठ्यापैकी जवळजवळ निम्मा साठा एकट्या भातसा धरणाचा आहे. भातसा व तानसा ही दोन्ही धरणे शहापूर तालुक्यात असूनही उन्हाळ्यात त्याच तालुक्यातील पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. वेल धुणे, कापणे, वाळविणे हे काम ज्या स्त्रियांनी करावयाचे, त्यांचा अर्धा दिवस हंड्यात जातो. प्रक्रिया केंद्राची उत्पादनक्षमता मोजणाऱ्या अहवालांत हंड्याचे तास कोठे मांडलेले आढळत नाहीत.

व्यवसायमार्ग म्हणून विचार :

सामाजिक उद्योजकतेची वाट धरू पाहणाऱ्या पदवीधरापुढे प्रथम प्रश्न येतो तो संस्थेच्या वैधानिक स्वरूपाचा. सार्वजनिक न्यास अथवा सोसायटी स्थापन केल्यास देणग्या व कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी मिळणे सुकर होते, परंतु सभासदांस नफा वाटता येत नाही. सहकारी संस्थेत मालकी सभासदांची असते, पण निबंधक कार्यालयाशी सततचा व्यवहार अपरिहार्य ठरतो. कंपनी कायद्यातील २००२ च्या दुरुस्तीने आलेली उत्पादक कंपनी ही सहकाराचे तत्त्व व कंपनीची मोकळीक यांचा मेळ घालते आणि वनोपज संकलकांसाठी ती पुष्कळदा सोयीची ठरते. कंपनी अधिनियम २०१३ च्या कलम ८ खालील कंपनी हा आणखी एक पर्याय. २०२३ मध्ये राष्ट्रीय शेअर बाजारात सामाजिक रोखे बाजाराचा विभाग सुरू झाला असला, तरी तीनशे संकलकांच्या केंद्रास त्याचा पल्ला सध्या तरी दूरचा आहे. स्वरूप कोणते निवडावे याचे उत्तर एकाच प्रश्नात दडलेले असते : उपक्रम नफ्यात आला तर तो नफा कोणाचा? पाड्यावरील सभासदांचा, असे उत्तर असेल तर न्यास हे स्वरूप अपुरे पडते.

शिक्षणाच्या सोयी आता पुष्कळ आहेत. १९३६ मध्ये स्थापन झालेल्या टाटा समाजविज्ञान संस्थेने २००७ मध्ये सामाजिक उद्योजकतेचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील ग्रामीण भागासाठीच्या तंत्रज्ञान पर्याय केंद्रातून विकासप्रश्नांवर काम करणारे अभियंते तयार होतात. डॉ. अभय व राणी बंग यांनी २००६ मध्ये सुरू केलेला 'निर्माण' उपक्रम तरुणांना या वाटेवर आणतो, तर राज्य शासनाच्या मुख्यमंत्री फेलोशिपमधून धोरण राबविणारी यंत्रणा आतून पाहावयास मिळते. असे असले तरी शहापूरच्या उदाहरणातील आरंभकर्ते यांपैकी कोणत्याही वाटेने आलेले नव्हते. वेल, वाट व माणसे त्यांस आधीपासून ठाऊक होती, ही त्यांची पात्रता. म्हणून बाहेरून येणाऱ्या पदवीधराची भूमिका प्रमुखाची असावी की हिशेबनीसाची, हे त्याने आरंभीच स्वतःशी ठरवून घेणे हिताचे.

मिळकतीविषयीही स्पष्टपणे बोलले पाहिजे. अशा उपक्रमांत पहिली काही वर्षे पगार नव्हे तर मानधन असते, आणि तेही अनुदानाचा हप्ता आला तर. मध्यमवर्गीय व त्याहूनही अधिक कनिष्ठ मध्यमवर्गीय घरांतील पहिल्या पिढीच्या पदवीधरास हे परवडत नाही. परिणामी या क्षेत्रात ज्यांच्या घरी चूल पेटण्याची चिंता नाही, त्यांचीच संख्या वाढते व पाड्याशी जवळीक असलेली मुले कल्याण-भिवंडीच्या गोदामांत कामास जातात. व्याख्यानांतून 'समाजासाठी काहीतरी करा' असे आवाहन करताना याचा विसर पडू नये. केंद्राच्या खर्चपत्रकात व्यवस्थापकाचे वेतन हा शीर्ष प्रथमपासून असावा, व तो मागताना संकोच वाटू नये, हे विद्यार्थ्यांस शिकविणे हाही अध्यापनाचाच भाग आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार राज्यातील पदवी अभ्यासक्रमांत समाजसहभाग, क्षेत्रप्रकल्प व कार्यप्रशिक्षण यांस श्रेयांक देण्यात आले आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगानेही २०२२ मध्ये समाजसहभागाविषयी मार्गदर्शक सूचना निर्गमित केल्या. कल्याण परिसरातील महाविद्यालयांस यासाठी दूर जावयाचे कारण नाही; लोकलने खडवली, वासिंद, आसनगाव गाठता येते. अडचण आहे ती वेळापत्रकाची. सत्राच्या सोयीने विद्यार्थी डिसेंबर-जानेवारीत पाड्यावर सर्वेक्षणास जातात, तेव्हा तेथे वृद्ध व कुलपे यांखेरीज फारसे कोणी नसते, आणि प्रश्नावलीत 'कुटुंबातील सदस्य अनुपस्थित' अशी नोंद होऊन क्षेत्रप्रकल्प पूर्ण होतो. त्याच विद्यार्थ्यांस जुलै-ऑगस्टमध्ये, उचल घेतली जाण्याच्या दिवसांत, पाड्यावर पाठविले आणि कोणत्या घराने कोणाकडून, किती व कशासाठी रक्कम घेतली याची संकलकांच्या संमतीने नोंद केली, तर किती खेळते भांडवल वेळेवर उपलब्ध झाल्यास किती माणसे मे महिन्यात गुळवेलीसाठी मोकळी राहतील, याचा हिशेब केंद्रास मिळेल. त्यासाठी विद्यापीठाची परवानगी लागत नाही. पावसाळ्यातील चिखलाच्या वाटा तुडविण्याची तयारी व पहिल्या सत्राच्या नियोजनात दोन शनिवार एवढेच लागते.